लॅपटॉप घरच्या वायफायला आपणहून जोडला जात नाही (मोबाइल मात्र जोडले जातात)

सुरंगी | सोमवार, रात्री १०.१२

नमस्कार मंडळी. दोन महिन्यांपासून हा त्रास चालू आहे. माझ्या परीने सगळं करून झालं, म्हणून शेवटी इथे विचारते.

आमचं घर मार्दोळच्या बाजूला. जुनं, चिऱ्याचं, मधे राजांगण, म्हणजे उघडा चौक. फायबरची वायर पुढून येते, त्यामुळे राउटर वसरीवर (पुढच्या ओसरीवर) आहे. आई मागच्या खोलीत बसते. ती ६८ वर्षांची आहे आणि सकाळी साडेआठला लॅपटॉपवरून गाणं शिकवते. दोन मुली पुण्याच्या, एक मस्कतची. मी साडेसातला पणजीला जायला निघते, तेव्हा वर्ग सुरू होताना आई घरी एकटीच असते.

सकाळी झाकण उघडलं की वायफाय जोडलेलं नसतं. कधी नावावर दाबलं की पासवर्ड न विचारता लगेच जोडलं जातं. कधी मात्र काही केल्या नाही, मग राउटर बंद करून परत चालू करावा लागतो, आणि तेवढ्यानेही दर वेळी जमतंच असं नाही. मी बसमध्ये असते आणि आईचा फोन येतो, "तें आयज परत लागना गो." तिकडे मुली तंबोरा लावून वाट बघत बसलेल्या. बसच्या आवाजात फोनवरून मी तिला काय आणि किती सांगणार?

लॅपटॉप तीन वर्षांचा आहे, विंडोज ११. नेटवर्क ‘फर्गेट’ करून पासवर्ड पुन्हा घातला. ‘कनेक्ट ऑटोमॅटिकली’वर टिक आहे. ड्रायव्हर अपडेट केला. दोन दिवस बरं चाललं, मग परत तेच. घरातले तिन्ही मोबाइल कधीच अडत नाहीत.

तिसवाडीकर | सोमवार, रात्री १०.४०

ताई, झोपेतून उठल्यावर वायफाय नसणं म्हटलं की मी आधी वीज वाचवण्याची सेटिंग बघतो. स्टार्टवर उजवं क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा, नेटवर्क अडॅप्टर्समध्ये वायफाय कार्डाच्या प्रॉपर्टीज घ्या, तिथे पॉवर मॅनेजमेंट टॅब असेल. ‘वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करायला परवानगी’ अशा अर्थाची टिक काढून टाका. काही नव्या लॅपटॉपमध्ये हा टॅब नसतोच, नसला तर शोधत बसू नका. माझ्या ऑफिसच्या लॅपटॉपचं दुखणं एवढ्यानेच गेलं होतं.

काजूबी | सोमवार, रात्री ११.०५

सरळ नेटवर्क रीसेट मारा. सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, अ‍ॅडव्हान्स्ड, नेटवर्क रीसेट. पाच मिनिटांचं काम.

चिरेबंद | मंगळवार, सकाळी ७.२०

काजूबी, रीसेट एवढ्यात नको. तो अडॅप्टर काढून नव्याने बसवतो आणि सेटिंग्ज मुळावर नेतो. व्हीपीएन असेल तर तेही परत बसवावं लागू शकतं. माझी खरी हरकत मात्र वेगळी आहे. रीसेट केल्यावर दोन दिवस बरे जातात, नेमकं काय बिघडलं होतं ते कळतच नाही, आणि तिसऱ्या दिवशी माणूस पुन्हा पहिल्या पायरीवर. सुरंगीबायच्या ‘दोन दिवस बरं’मध्ये मला तोच प्रकार दिसतो.

मी नेटवर्कची कामं करतो, उत्तर गोव्यात बरीच जुनी घरं पाहिली आहेत. ‘जोडला जात नाही’ या तीन शब्दांखाली निदान चार निरनिराळे बिघाड असतात, आणि एकाचा उपाय दुसऱ्याला चालत नाही. म्हणून आधी हे सांगा. आई रात्री लॅपटॉप शट डाउन करतात की झाकण मिटतात? रिस्टार्ट केल्यावर आपोआप जोडला जातो का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, सकाळी जोडलेला नसतो तेव्हा यादीत घरच्या वायफायचं नाव दिसतं की दिसतच नाही?

आदल्या रात्री वीज गेली होती का, तेही लिहून ठेवा. चार-पाच दिवसांची नोंद झाली की बोलू. तोपर्यंत एकाही सेटिंगला हात लावू नका.

म्हादई | मंगळवार, दुपारी १.१५

माझा प्रश्न थोडा बाजूचा आहे. मी वाळपईला असतो, लॅपटॉपवर लिनक्स. वीज जाऊन आली की राउटर उठायला दोन-तीन मिनिटं घेतो, तेवढ्यात लॅपटॉप प्रयत्न सोडून देतो आणि मग गप्पच बसतो. हेही याच जातीचं का?

चिरेबंद | मंगळवार, रात्री ९.३०

म्हादई, तुमचं वेगळं आहे, पण सरळ आहे. लिनक्समधला नेटवर्कमॅनेजर आपणहून जोडण्याचे प्रयत्न मोजतो. कुणी बदललं नसेल तर चार वेळा फसल्यावर थांबतो आणि काही मिनिटं त्या नेटवर्कच्या वाटेला जात नाही. राउटर अर्धवट उठलेला असतो, नाव दिसायला लागतं पण आयपी पत्ता द्यायला तो अजून तयार नसतो, आणि त्या गडबडीत चारही प्रयत्न संपतात. त्या कनेक्शनची ‘ऑटोकनेक्ट-रिट्राइज’ ही किंमत शून्य करा. इथे शून्याचा अर्थ ‘कधीच थांबू नको’ असा आहे.

सुरंगी | शनिवार, सकाळी ११.००

नोंद आईनेच ठेवली. बंदिशींच्या वहीच्या मागच्या पानावर, तारखा घालून, जशा ती रागांच्या वेळा लिहिते तशाच. तिच्याच शब्दांत देते.

बुधवार. नाव दिसले. दाबल्यावर लागले.
गुरुवार. रात्री मोठा पाऊस, करंट तीनदा गेला. सकाळी नाव नाही. शेजारची दोन नावे आहेत, आपले नाही. मोबाइलवर आहे.
शुक्रवार. नाव नाही. राउटर बंद करून चालू केला. नाव आले, पण दाबावे लागले.
शनिवार. नाव दिसले. दाबल्यावर लागले.

शट डाउन ती करत नाही, झाकण मिटते. गेल्या रविवारी मी रिस्टार्ट केला होता, तेव्हा आपोआप जोडला गेला होता. इन्व्हर्टर आहे, राउटर त्यावरच आहे, पण वीज गेली की क्षणभर मिणमिणतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

‘दिसलं’ आणि ‘नाही दिसलं’ हा फरक दोन महिन्यांत माझ्या लक्षातच आला नव्हता.

चिरेबंद | शनिवार, दुपारी ३.४५

आईंना माझा नमस्कार सांगा. इतकी स्वच्छ नोंद मला पगारी माणसांकडूनही मिळत नाही.

हे दोन वेगळे बिघाड आहेत, एकमेकांवर चढलेले. म्हणूनच कुठलाही एक उपाय टिकत नव्हता.

पहिला असा: नाव दिसतं, पासवर्ड साठवलेला आहे, टिकही आहे, तरी लॅपटॉप स्वतः पुढे होत नाही. आणि रिस्टार्ट केल्यावर होतो. यावरून मला एका गोष्टीचा दाट संशय आहे, पण अंदाजाने बोलण्यापेक्षा लॅपटॉपलाच विचारू. टर्मिनल अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि टाइप करा: नेटश डब्ल्यूलॅन शो डब्ल्यूलॅनरिपोर्ट (netsh wlan show wlanreport). चार शब्द, इंग्रजी लहान लिपीत, मधे एकेक जागा. गेल्या तीन दिवसांचा अहवाल तयार होतो आणि तो कुठे ठेवलाय ते शेवटच्या ओळीत लिहून येतं. ब्राउझरमध्ये उघडा. वायफाय कधी जोडलं, कधी सुटलं आणि का सुटलं, सगळं त्यात असतं. सुटण्याचं कारण बघून सांगा.

दुसरा, पावसाच्या रात्रीचा. मोबाइलला नाव दिसतं, लॅपटॉपला शेजारचीही दिसतात, फक्त तुमचं नाही. म्हणजे कार्ड चालू आहे, राउटर चालू आहे, पण राउटर बोलतोय ते या कार्डाला ऐकू येत नाही. एक सांगा, लॅपटॉप घेतला कुठे?

सुरंगी | शनिवार, सायंकाळी ६.१०

भावाने अमेरिकेहून येताना आणलेला. त्याने काही फरक पडतो?

अहवाल काढला. रोज रात्री साडेनऊच्या सुमारास एकच कारण आहे: नेटवर्क वापरणाऱ्याने तोडलं. मी आईला विचारलं. ती म्हणाली, "मग? गॅसचा नॉब बंद करते, देवाकडची समई शांत झाली का बघते, वायफाय बंद करते, मग निजते." ती रोज रात्री वायफायच्या नावावर जाऊन डिस्कनेक्ट दाबते आणि झाकण मिटते. चालू राहिलं तर रात्रभर बिल चढेल असं तिला वाटायचं. यात तिची काही चूक नाही. तिला हे कुणी सांगितलंच नव्हतं, मीसुद्धा नाही.

चिरेबंद | शनिवार, रात्री ८.३०

संशय तोच होता. आपण हाताने डिस्कनेक्ट दाबलं की विंडोज त्याचा अर्थ ‘यांना हे नेटवर्क नकोय’ असा घेतं आणि त्या नेटवर्कला आपणहून जोडायचं थांबतं. टिक असली तरीही. झाकण मिटणं म्हणजे फक्त झोप, सकाळी आदल्या रात्रीचंच सत्र पुढे चालू होतं आणि त्यात तो नकारही शाबूत असतो. रिस्टार्टने सत्र नवं होतं, म्हणून रविवारी जोडलं गेलं. आईंनी नुसतं झाकण मिटावं. महिन्याचा ठरलेल्या रकमेचा फायबर प्लॅन असेल तर वायफाय जोडलेलं राहिल्याने बिलात पैशाचा फरक पडत नाही, हे त्यांना नीट सांगा. नाहीतर मनातली धास्ती जाणार नाही आणि हात पुन्हा तिकडेच वळेल.

आता अमेरिका. हो, फरक पडतो.

वायफायचा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा चॅनेलमध्ये विभागलेला असतो. आपल्याकडे १ ते १३ चॅनेल वापरता येतात. अमेरिकेत रोजच्या वापरात १ ते ११ एवढेच. काही कार्डांत देशाचा नियम कारखान्यातच भरलेला असतो, आणि तिकडच्या बाजारासाठीचं कार्ड १२ आणि १३ वर कान देतच नाही. तुमचा राउटर चॅनेल ‘ऑटो’वर असणार. दर वेळी सुरू होताना तो आजूबाजूची गर्दी बघतो आणि मोकळा वाटेल तो चॅनेल घेतो. शेजारची सगळी १, ६, ११ वर असली तर १३ मोकळाच दिसणार. त्या रात्री तुमच्या लॅपटॉपपुरतं घरात वायफाय नसतंच. मोबाइल इथेच घेतलेले, त्यांना १३ ऐकू येतो.

तुम्ही राउटर बंद-चालू करता तेव्हा तो पुन्हा निवड करतो. ६ वर आला की नाव परत दिसतं, पुन्हा १३ वरच बसला तर नाही. तुमचं ‘दर वेळी जमतंच असं नाही’ ते यामुळे.

तिसवाडीकर | शनिवार, रात्री ८.५५

पण राउटर ५ गिगाहर्ट्झवरही बोलत असेल ना? मग लॅपटॉप तिकडून का जोडला जात नाही?

चिरेबंद | शनिवार, रात्री ९.२०

वसरी, राजांगण, मग मागची खोली. मधे चिऱ्याच्या दोन भिंती तरी असतील. जुन्या घरात भिंत हातभर जाड असते, आणि पावसाळ्यात चिरा पाणी पितो. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतीत २.४ पेक्षा लवकर मरतात. वसरीवर बसलं तर तो पट्टा भरपूर मिळेल, मागच्या खोलीत मिळणार नाही. सुरंगीबाय, उद्या पडताळून बघा. नाव गायब असताना लॅपटॉप उचलून वसरीवर न्या.

आणि ५ गिगाहर्ट्झची स्वतःची एक खोड आहे. त्यातले काही चॅनेल रडारबरोबर वाटून घेतलेले असतात. राउटरने असा चॅनेल घेतला तर बोलण्याआधी त्याला निदान एक मिनिट नुसतं ऐकावं लागतं, आसपास रडार नाही ना म्हणून. वीज आल्यावर राउटरचे दिवे लागलेले दिसतात आणि तरी ५ चं नाव यादीत नसतं, त्यामागे बऱ्याचदा हे कारण असतं. ३६ ते ४८ मधला चॅनेल ठरवून दिला की ही वाट बघायला लागत नाही.

सुरंगी | रविवार, सकाळी ९.५०

काल रात्री पुन्हा वीज गेली. सकाळी मागच्या खोलीत नाव नाही. लॅपटॉप उघडाच धरून निघाले. राजांगणात तुळशीपाशी पोचेपर्यंत काहीच नाही. पुढच्या खोलीच्या उंबरठ्यावर नाव आलं, एकच रेघ. वसरीवर पूर्ण. मोबाइलवर चॅनेल दाखवणारं अ‍ॅप घातलं, त्यात आमचं २.४ चं नाव बरोबर १३ वर. मी तिथेच वसरीच्या सोप्यावर बसून घेतलं. दोन महिने!

आता राउटरमध्ये कसं बदलायचं ते सांगाल का? आत कधी गेलेले नाही.

चिरेबंद | रविवार, सकाळी १०.३०

राउटरच्या बुडाला स्टिकर असतो, त्यावर पत्ता आणि लॉगिन लिहिलेलं असतं. तो पत्ता ब्राउझरमध्ये टाका. वायरलेस किंवा डब्ल्यूलॅन नावाच्या भागात २.४ गिगाहर्ट्झखाली चॅनेल दिसेल. ऑटो काढा आणि १, ६, ११ पैकी अ‍ॅपमध्ये जिथे शेजारी कमी दिसतात तो ठेवा. याच तिघांपैकी का, तर चॅनेलमधलं अंतर ५ मेगाहर्ट्झ असतं आणि प्रत्येक नेटवर्क साधारण २० मेगाहर्ट्झ जागा व्यापतं. हे तीन एकमेकांच्या अंगावर येत नाहीत. ३ किंवा ४ घेतला तर दोन्हीकडची गर्दी सोसावी लागेल.

तिथेच चॅनेलची रुंदी २० करा. ४० ठेवली तर आजूबाजूच्या सगळ्या घरांना त्रास. सुरक्षेचा प्रकार आहे तो राहू द्या, आणि बाकी कशाला हात नको.

काजूबी | रविवार, दुपारी १२.१५

मी घाईने रीसेट सांगितलं होतं, त्याने हे सुटलंच नसतं, मान्य. आता माझाही प्रश्न घ्या. मडगावच्या फ्लॅटमध्ये नवीन लॅपटॉप एक दिवस जोडला जातो, दुसऱ्या दिवशी राउटर नाकारतो. पासवर्ड बरोबर आहे. राउटरवर ‘ओळखीचीच उपकरणं आत’ असं मीच लावलेलं आहे.

तिसवाडीकर | रविवार, दुपारी १.००

याचं उत्तर मला माहीत आहे! लॅपटॉपमध्ये त्या वायफायच्या प्रॉपर्टीज उघडा, ‘रँडम हार्डवेअर अ‍ॅड्रेसेस’ बघा. ते ‘रोज बदला’वर असेल. लॅपटॉप रोज नवा पत्ता घेऊन दारात उभा राहतो आणि राउटरला तो परका वाटतो. घरच्या वायफायपुरतं ते बंद करा. बाहेर, कॅफेत किंवा विमानतळावर, चालू असलेलं बरं.

काजूबी | रविवार, दुपारी १.२५

‘रोज बदला’वरच होतं. बंद केलं. देव बरें करूं!

म्हादई | रविवार, रात्री ८.१०

शून्य केलं, कालच्या दोन्ही वेळा आपोआप जोडलं गेलं. सुरंगीताई, तुमच्या राउटरचं ते मिणमिणणंही थांबवून टाका. इन्व्हर्टर वीज गेल्यावर बॅटरीवर यायला क्षणभर घेतो आणि राउटर तेवढ्यात पडतो. राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो, तो मधे जोडायचा. मी लावला आहे. घेताना राउटरच्या अ‍ॅडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून जा. बहुतेकांचे १२ व्होल्ट असतात, पण सगळ्यांचे नाही. व्होल्ट तंतोतंत जुळले पाहिजेत, अँपिअर तेवढेच किंवा जास्त. फायबरची डबी वेगळी असेल तर तिलाही वीज लागते, नाहीतर वायफाय राहील आणि इंटरनेट जाईल. माझं पहिल्यांदा तेच झालं होतं.

सुरंगी | पुढचा शनिवार, सकाळी १०.१५

सोमवारपासूनचं सांगते. २.४ वर चॅनेल ६ ठेवला. बुधवारी आणि गुरुवारी रात्री वीज गेली. दोन्ही सकाळी झाकण उघडल्यावर पाच-सहा सेकंदांत जोडलं गेलं. यूपीएस अजून घेतलेला नाही, फोंड्याला गेले की घेईन. आमची फायबरची डबी वेगळीच आहे, म्हादई, बरं झालं सांगितलंत.

आईने लॅपटॉपच्या कडेला कागदाची पट्टी चिकटवली आहे: ‘डिस्कनेक्ट दाबू नये. झाकण मिटावे.’ वहीतली नोंद तिने अजून थांबवलेली नाही. कालच्या तारखेपुढे लिहिलंय, ‘आपोआप लागले. भैरव, विलंबित.’

चिरेबंद | शनिवार, सकाळी १०.४०

उत्तम. एक राहिलं. राउटर कधी फॅक्टरी रीसेट झाला किंवा कंपनीने बदलून दिला तर चॅनेल पुन्हा ऑटोवर जाईल. ‘२.४, चॅनेल ६, रुंदी २०’ एवढं राउटरच्या बुडाला मार्करने लिहून ठेवा.

सुरंगी | शनिवार, सकाळी १०.५५

लिहिलं. वहीतही लिहायला सांगितलंय.